आईच्या हाडांवरचे डाग

माझा बाप दारू पीत नाही. हे आधीच सांगते, कारण आईला तो मारायचा म्हटलं की लोक पहिलं तेच विचारतात. तो शुद्धीत मारायचा. चहात साखर जास्त पडली म्हणून, टीव्हीचा रिमोट सापडला नाही म्हणून, आणि पुष्कळदा कशाहीसाठी नाही. तरुणपणी तो गिरणीत लागला आणि थोड्याच वर्षांत संप झाला. मग मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका पॉवर प्रेसच्या कारखान्यात लोखंडी पत्रे कापत त्याने आयुष्य काढलं. रिटायर झाला तेव्हा मला वाटलं होतं की आता हात थकतील. थकले नाहीत. उलट दिवसभर घरात बसून त्यांना दुसरं कामच उरलं नाही.

ती गाठ सापडली ती पितळेच्या तांब्यामुळे. तांब्या त्याने तिच्या छातीवर हाणला, डाव्या बाजूला. मला हे शेजारणीच्या फोनवरून कळलं. मी लग्न झाल्यापासून नाहूरला राहते आणि मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. हाफ डे टाकून मरोळला गेले, तर आई ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती. ब्लाऊजच्या गळ्यातून काळानिळा डाग वर आलेला दिसत होता.

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं.

"मुको मार आसा," ती म्हणाली. "जातलो."

डाग पिवळा पडला, मग गेला. सूज उतरली. पण दुखायचं म्हणून तिचा हात सारखा तिथे जायचा, आणि त्या हाताला आत काहीतरी कडक लागलं. ते काही गेलं नाही. गणपती आले आणि गेले, तरी ते तसंच. मग एके दिवशी तिने माझा हात धरून तिथे ठेवला. सुपारीएवढी गाठ होती आणि जागची हलत नव्हती.

अंधेरीकडच्या महापालिकेच्या रुग्णालयात मी तिला नेलं. तिथे मॅमोग्राफीचं मशीन होतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये छाती धरून चांगली दाबतात आणि फोटो काढतात. मला आत थांबू दिलं नाही, पण पडदा पुरता ओढलेला नव्हता. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "आई, दुखेल हां. ओरडायचं असेल तर ओरडा, इथे सगळ्या ओरडतात."

आई ओरडली नाही. मुलीने पट्टी आणखी खाली आणली. आईने फक्त डोळे मिटले आणि खांदे आत ओढून घेतले, घरी ओढायची तसे. बाहेर आल्यावर ती मुलगी मला हळूच म्हणाली, "तुमची आई जाम स्ट्राँग आहे."

सुईने तुकडा काढला. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. सर्जन चांगला माणूस होता, त्याने खुर्ची ओढून आईसमोर बसून सांगितलं. मी त्याला मार लागल्याचं विचारलं. तो म्हणाला, माराने कॅन्सर होत नाही, ही गाठ आधीपासूनच असणार, दुखलं म्हणून हात गेला आणि हाताला लागली, एवढंच.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बापाने मांडीवर थाप मारली. "बघ! मी मारलं म्हणून कळलं. नायतर मेली असतीस गुपचूप."

हे तो नंतर बिल्डिंगमध्ये सांगत फिरला. जिन्यात भेटेल त्याला. आणि लोक हसायचेसुद्धा.

पुढची गोष्ट होती ती हाडांची. सर्जनने समजावून सांगितलं होतं की हा आजार हाडात उतरलेला नसेल तर ऑपरेशन करायचं आणि बरं करायचं. उतरला असेल तर ऑपरेशनला अर्थ नाही, मग गोळ्या-इंजेक्शनांवर जितके दिवस निघतील तितके. ते कळायला बोन स्कॅन हवा. त्याचं मशीन आमच्याकडे उपनगरात नव्हतं. टाउनमधल्या मोठ्या सरकारी इस्पितळाची चिठ्ठी मिळाली आणि बऱ्याच आठवड्यांनंतरची तारीख.

त्या सकाळी मी टॅक्सी घेऊन मरोळला पोचले तर आईचा खालचा ओठ फाटलेला. तिने पदराचं टोक ओलं करून ओठावर दाबून धरलं होतं. बाप कपडे करून तयार बसला होता, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"दुपारचं जेवण कोण करणार माझं?" तो म्हणाला. "ही चालली टाउनला फिरायला."

"बाबा, तिला कॅन्सर आहे."

"माहीत आहे मला. म्हणून तर येतोय मी पण. कुठे नेतेस, काय करतेस, बघायला नको?"

तो बघायला येत नव्हता. आई कोणापुढे काय बोलते यावर लक्ष ठेवायला येत होता. दवाखान्यात तो तिला कधी एकटी सोडायचा नाही, मी लहान होते तेव्हापासून. मी नको म्हटलं असतं तर तिथेच तमाशा झाला असता आणि तारीख गेली असती. आई खुणेने म्हणाली, चल. आम्ही तिघं टॅक्सीत बसलो.

इस्पितळात तिच्या हाताच्या शिरेत एक इंजेक्शन दिलं. त्यात किरणोत्सारी औषध असतं, ते हाडांत जाऊन बसतं आणि जिथे हाडात काही बिघाड असेल तिथे जास्त साचतं. मग मशीनला तिथे काळा डाग दिसतो. तोवर काही तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं. टेक्निशियनने बजावलं, "आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बाया यांना जवळ घेऊ नका."

बापाने विचारलं, "आणि बाकीच्यांनी?"

"तसं काही नाही हो. पण अगदी चिकटून बसू नका."

बाप उठला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्या आईची भीती वाटताना मी पाहिलं. पण ती फार टिकली नाही. भूक लागली, पंखा बंद होता, तास उलटत चालले, तसा तो येरझाऱ्या घालायला लागला. आई बाटलीने पाणी पीत होती. जवळून जाताना त्याने तिच्या कोपराला धक्का दिला, बाटली उडाली, पाणी तिच्या साडीवर सांडलं.

"किती ढोसशील?" तो म्हणाला.

दारातल्या सिक्युरिटीच्या बाईने ते पाहिलं. धिप्पाड होती. ती तिथूनच ओरडली, "ओ काका! घरी नाय तुम्ही. बसा जागेवर."

तो बसला. मला आठवतं, मी त्या बाईकडे बघत राहिले. असं सरळ ओरडता येतं, हे आमच्या घरात कोणाला कधी सुचलं नव्हतं.

स्कॅन झाला. आई टेबलावरून उतरली, पण तिला जाऊ दिलं नाही. डॉक्टरना आणखी काही फोटो हवेत म्हणाले. पुन्हा झोपवलं. मग आम्हाला आतल्या खोलीत बोलावलं. बाप आमच्याआधी आत शिरला.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती, विदर्भाकडच्या हेलाने बोलणारी. समोरच्या स्क्रीनवर माझी आई होती, नुसती हाडं, समोरून आणि पाठीमागून. राखाडी सांगाडा आणि त्यावर काळे डाग. डाव्या बरगड्यांवर एकाखाली एक, ओळीने. उजवीकडे दोन. उजव्या हाताच्या मनगटाच्या वर एक. आणि खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर एक, सगळ्यांत मोठा.

"काकू," डॉक्टर म्हणाली, "तुम्ही कधी पडला होता का? मागच्या वर्ष-दीड वर्षात?"

"पडते ती," बाप म्हणाला. "मोरीत घसरते. लक्ष नसतं."

"एकदा पडल्या की पुष्कळदा?"

"आता हिशेब कोण ठेवतो?"

डॉक्टरने आईच्या ओठाकडे पाहिलं. मग बापाला म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा."

"का? नवरा आहे मी."

"मला पेशंटला तपासायचंय. बाहेर बसा म्हटलं ना."

तो गेला. डॉक्टरने उठून दार लावलं, खिट्टी घातली आणि आईच्या शेजारी येऊन बसली.

"काकू, नीट ऐका. हे डाग दोन गोष्टींचे असू शकतात. एक म्हणजे कॅन्सर हाडात गेलाय. नाहीतर हाडं मोडून जुळलेली आहेत. मशीनला दोन्ही काळेच दिसतात. बरगड्या अशा ओळीने बहुतेक माराने मोडतात, हात वर करून मार अडवला की हे मनगटाजवळचं हाड मोडतं. पण मी नुसतं अंदाजाने लिहू शकत नाही. डॉक्टरांच्या पुढच्या मीटिंगमध्ये तुमच्या ऑपरेशनचं ठरेल. हे कॅन्सरचे डाग समजले गेले तर ऑपरेशन लांबणीवर पडेल, कदाचित होणारच नाही. खरं काय ते मला सांगा."

आई स्क्रीनकडे बघत होती. पदर ओठावर. मला ओरडावंसं वाटलं, सांग ना, सांग. मी सांगू शकले असते, पण मला तरी काय माहीत होतं? मला मार माहीत होता, कुठला मार कुठल्या हाडावर बसला ते माहीत नव्हतं.

मग आई उठली. स्क्रीनजवळ गेली आणि बोट ठेवलं डाव्या बरगड्यांवर.

"हे स्टुलाचे," ती म्हणाली. "लाकडी स्टूल. शिमग्याक गावाक जावचा होता, माझी बॅग भरून झाली नव्हती. तेवा ह्येंनी मारल्यानी."

मारणाऱ्यालाही ती 'ह्ये' म्हणत होती, मानाने. बोट खाली सरकलं.

"ह्या तांब्याचा. ह्या मागे दाराच्या कडेवर आपटलंय तेचा." उजवीकडे गेली. "हे दोन लाथेचे. म्हावऱ्यात मीठ कमी पडला." मग हाताचा डाग. "ह्यो मी हात वर केल्लंय तेचो. पट्टो होतो, बक्कलवालो. ह्यो मोडल्यालो माका ऐकाक इल्लो."

डॉक्टर लिहीत होती. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या मनात जे चाललं होतं ते सांगायला मला आजही जड जातं. प्रत्येक डागाला आईने मार सांगितला की मला सुटल्यासारखं वाटत होतं. हा पण मार. हा पण मार. देवा, सगळे मारच निघू देत.

आईचं बोट खालच्या मोठ्या डागावर आलं आणि थांबलं. तिने मान तिरकी केली. मागे सरकली, पुन्हा पुढे आली.

"ह्यो माझो न्हय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थयसर माका कोणी मारूक नाय. दुखता मगे, बसल्यार दुखता. पण मार नाय."

"नीट आठवा, काकू. कधी कमरेवर आपटलात?"

"नाय गो बाय. मार इसरान कशी मी?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. बाकी सगळे सुटले तरी हा एक उरला होता आणि एक पुरेसा होता. ती म्हणाली, इथला एमआरआय करावा लागेल, पण तारीख लवकर मिळणार नाही. मी दार उघडलं आणि बाहेर आले.

बाप बाकावर बसून वेफर्स खात होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. "बाबा, आईला कमरेखाली कधी मारलंस?"

"मी कुठे मारतो?"

"इथे नाटक नको. तू मारलं असशील तर ती वाचेल. नसशील तर तिथे कॅन्सर आहे. सांग."

मला वाटलं, आता हा घाबरेल, रडेल, काहीतरी होईल. त्याने वेफर्सची पिशवी घडी करून खिशात ठेवली.

"गौरीच्या दिवशी," तो म्हणाला. "पडली होती ओट्याखाली. डोकं आपटलं होतं. उठेना. मला वाटलं नाटक करते. म्हणून दोन-चार लाथा घातल्या. उठवायला."

"ती बेशुद्ध होती?"

"मला काय माहीत? डोळे मिटलेले होते."

त्यानंतर मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. हॉलमधले पेशंट उभे राहिले. त्याने एकदाच हात फिरवला, पण तो पत्रे कापलेला हात होता. माझ्या कानाखाली बसला आणि मी बाकाला अडखळून खाली पडले. कानात शिट्टी वाजायला लागली. तो माझ्यावर पाय उचलत होता तेवढ्यात सिक्युरिटीच्या बाईने मागून त्याच्या गळ्यात दंडुका आडवा घातला आणि त्याला भिंतीवर दाबला. दोन पेशंटचे नातेवाईक धावले, त्यांनी त्याला बुकलायला सुरुवात केली. त्याचा चष्मा फुटला. इस्त्रीच्या शर्टाची बाही निघून आली. मी खाली बसून बघत होते आणि मला ते थांबायला नको होतं.

आत जाऊन मी डॉक्टरला सांगितलं, ओरडूनच सांगितलं, कारण मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. आई ऐकत होती.

"गवरीच्या दिसा?" तिने विचारलं. "मी पडलंय तेच्या नंतर?"

"हो."

त्या दिवशी ती शुद्धीवर आली तेव्हा शेजारणीने तिच्या तोंडावर पाणी मारलं होतं आणि बाप बाजूला उभा राहून तिला वारा घालत होता. हे तिने तेव्हा मला कौतुकाने सांगितलं होतं. तेवढं एक तिच्याकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं होतं.

डॉक्टर म्हणाली, "काकू, हे मला पोलिसांना कळवायला पाहिजे. तुमची तयारी आहे का?"

"लिवा," आई म्हणाली. "ह्येंचा नाव लिवा, माझा पण लिवा."

खालच्या चौकीत एका महिला कॉन्स्टेबलने जबाब घेतला. आई तिथून मरोळला गेली नाही. नेसत्या साडीनिशी, पाण्याने भिजलेल्या, ती माझ्याबरोबर नाहूरला आली.

एमआरआयची तारीख लांब होती. ते दिवस वाईट गेले. बापाच्या एका शब्दावर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आता सगळं त्याच्या एका शब्दावर अडकलं होतं. रात्री नवरा म्हणायचा, "खोटं कशाला बोलेल तो, स्वतःच्याच विरुद्ध?" मला वाटायचं, बोलेल, मला बोचावं म्हणून बोलेल. आई मात्र शांत असायची. बसताना एक उशी घ्यायची.

रिपोर्ट आला. हाड मोडून जुळलेलं आहे, गाठ नाही. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून हसले, मोठ्याने, रडले पण. बापाने आईचं हाड मोडलं होतं आणि मी पेढे घ्यायला निघाले होते. पेढे घेतलेही. डॉक्टरला दिले. तिने एक घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

ऑपरेशन झालं. डावी छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या. डाव्या हाताला जपायला सांगितलं, ओढ बसू द्यायची नाही, जड उचलायचं नाही. मग केमो, केस गेले. बापाला पोलिसांनी आत घेतलं होतं, पण जामीन झाला आणि तो मरोळला परतला.

एका दुपारी तो नाहूरला आला. मी रजेवर होते, दार उघडंच होतं, कचरेवाला येणार म्हणून. तो सरळ आत आला. आई सोफ्यावर बसून कडधान्य निवडत होती, डोक्याला रुमाल.

"चल," तो म्हणाला. "बस झाली नाटकं."

"मी येवचंय नाय," आई म्हणाली.

त्याने तिचा डावा हात धरला आणि ओढला. आई ओरडली. त्या सगळ्या वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. मॅमोग्राफीत नाही, केमोत नाही. ती अशी ओरडली की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मी पोछ्याची दांडी घेतली आणि त्याच्या पाठीत घातली. तो वळला, त्याने माझे केस धरले, माझं डोकं फ्रिजवर आपटलं. तोवर समोरची गुजराती बाई आली, वॉचमन आला, खालच्या दोघी आल्या, एकीच्या हातात चप्पल. सगळ्यांनी त्याला पॅसेजमध्ये ओढला. मीही मारत होते. दांडी मोडली तेव्हा अर्धी घेऊन मारत होते.

आई दारात येऊन उभी राहिली, डावा हात उजव्याने पोटाशी धरून. तिने सगळं पाहिलं. तिने थांबा म्हटलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "डोक्यार नको."

पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. तिचा हात सुजला, दंडापासून बोटांपर्यंत, आणि आजही ती सूज पुरती गेलेली नाही. त्याचा जामीन रद्द झाला, काही महिने तो आत होता. सुटल्यावर गावी भावाकडे गेला. कोर्टात केस चालू आहे. तारखेला तो येतो, आईही जाते, मी बरोबर असते. तो म्हातारा दिसायला लागलाय आणि एक पाय ओढतो. तो पाय आमच्या पॅसेजमध्ये मोडला होता.

मागच्या तारखेहून परत येताना मी आईला रिक्षात विचारलं, "त्याच्याकडे बघून वाईट वाटतं का गं तुला?"

ती बाहेर बघत होती. केस आता परत आलेत, आखूड, पांढरे, कुरळे, पूर्वी कधी कुरळे नव्हते.

"वायट वाटता," ती म्हणाली. "पण परत जावचंय नाय."